एक गिरणी, तीन वाटेकरी

लालबाग-परळमध्ये टॉवरांच्या गर्दीत एखादी जुनी चिमणी दिसते ना? ‘एकाच वेळी अनेक उद्दिष्टं’ हा माझा संशोधनाचा विषय समजावताना मला तीच आठवते.

१९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न आला जमिनीचा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ने ढोबळमानाने तीन वाटे केले: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. गणिताच्या भाषेत सांगायचं, तर कोणत्या उद्दिष्टाला किती वजन द्यायचं ते आधीच ठरलं.

आमची पद्धत उलटी. कानपूर आयआयटीचे कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये मांडलेला एनएसजीए-२ हा अल्गोरिदम आराखड्यांची एक ‘पिढी’ घेतो, त्यांचा संकर करतो, मधूनच थोडा बदल करतो. जो आराखडा दुसऱ्या एखाद्यापेक्षा कशातच सरस नाही आणि कशात तरी कमी आहे, तो मागच्या रांगेत जातो. शेवटी हाती एक उत्तर येत नाही, उत्तरांचा पट येतो: बाग एवढी वाढवली तर घरं किती घटतील, वगैरे. निवड माणसांनी करायची.

पण २००१ची दुरुस्ती या पटावर सरकलीच नाही. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, असं ठरलं. इमारतींखालची जमीन, त्या पाडल्या तरी, हिशोबाबाहेर! उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा अर्थ नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६मध्ये तो ग्राह्य धरला. गिरणी कामगारांची घरं म्हाडाच्याच वाट्यातून यायची होती.

माझ्या कोडमध्ये हा बदल एका ओळीचा आहे: ‘एकूण जमीन’. आकडा घटवा, अल्गोरिदम तितकाच देखणा पट काढून देतो.