जंगलाची बाजू आणि न्यायाची खुर्ची



न्यायाधीशाने जंगलाची बाजू जाहीरपणे घ्यावी का? प्रश्न पुस्तकी वाटेल, पण आम्हा यवतमाळकरांना तो तसा वाटत नाही. का, ते शेवटी सांगतो.

दादा धर्माधिकारींचे चिरंजीव न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी गांधीविचारात वाढले. मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर, १९९६ साली ते डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे, मच्छीमारांचा किनारा असा तो मुलूख. केंद्राने १९९१ मध्येच तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला होता. १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला.

धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला परवानगी दिली. योजना आता वेगळी होती, हे खरं. तरी मनात येतंच, आधीचा नकार कायद्याचा होता की माणसाचा?

तरी धर्माधिकारींना निसर्गाचं रक्षण हेच काम नेमून दिलेलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्या. विल्यम डग्लस मात्र पदावर असतानाच बोलत. एका जुन्या कालव्याकाठी मोटाररस्ता होऊ नये म्हणून १९५४ साली ते संपादकांना घेऊन काठाने पायी निघाले. पुढे सिएरा क्लब या निसर्गप्रेमी संस्थेच्या संचालक मंडळावरही काही काळ होते. १९७२ मध्ये त्याच संस्थेच्या खटल्यात ते निकालाला बसले आणि झाडा-नद्यांच्या नावानेही दाद मागता यावी, असं भिन्न मत त्यांनी लिहिलं. विचार मला पटतो, पण त्यांचं त्या खुर्चीवर बसणं खटकतं.

आता आमचं. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ ऊर्फ अवनी वाघिणीवर १३ बळींचा ठपका होता. प्राणिप्रेमी न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मेली. समजा, निकाल देणारे न्यायाधीश व्याघ्रप्रेमावर भाषणं देणारे असते, आणि निकाल उलटा लागला असता. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला तो न्याय वाटला असता का? पण वाघीण काही कोर्टाची पायरी चढू शकत नाही. तिच्या वतीने कुणी तरी बोलायला हवंच ना?

माझं मत असं, न्यायाधीशाने जंगलावर खुशाल प्रेम करावं, लिहावंही. पण ज्या बाजूने आपण बोललो तीच पक्षकार म्हणून समोर आली, तर ते प्रकरण दुसऱ्याकडे सोपवावं.

तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.