योसेमिटीच्या दरीतली लग्नं

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या दरीत, उंच कड्यांच्या पायथ्याशी लाकडाचं एक लहानसं चर्च आहे. मोठा थाटमाट नको असलेली जोडपी इथे येऊन मोजक्या माणसांत लग्न लावतात; काही तर दोघंच येतात.

हे चर्च १८७९ सालचं, आणि राष्ट्रीय उद्यान झालं १८९० मध्ये. म्हणजे चर्च आधी, उद्यान मागून! निसर्गाचे थोर अभ्यासक जॉन म्यूर यांनी १८७९ च्या जूनमध्ये या दरीत व्याख्यानं दिली. त्याच महिन्यात त्यांचं लग्न ठरलं. ते लागलं मात्र पुढच्या एप्रिलमध्ये, मार्टिनेझला, सासुरवाडीत.

आज इथे लग्न करायचं तर सरकारी विवाह-परवाना हवाच, शिवाय उद्यानाची परवानगीही हवी. तांदूळ उधळायला बंदी. आपल्याला अक्षतांवाचून लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही. पण सांडलेल्या दाण्यांची रानातल्या जिवांना चटक लागते, हे खरं.

मात्र ‘माणसाचा हात न लागलेल्या निसर्गात लग्न’ असं कुणी म्हणालं, की मला ते खटकतं. इथे ‘अवाहनीची’ आदिवासींची गावं होती. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियननं ती जाळली, माणसांना हुसकावलं. काही कुटुंबं परतली, उद्यानात मोलमजुरी करून राहिली. त्यांच्याही पोरीबाळींची लग्नं याच दरीत झाली असणार. त्यांची शेवटची वस्ती १९६९ मध्ये पाडली गेली. वंशजांना त्या जागी पुन्हा गाव उभारायला २०१८ मध्ये संमती मिळाली, तीही उद्यानाशी तीस वर्षांचा करार करून.