संमतीपत्राची वंशावळ

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला आपल्याकडे जे संमतीपत्र दिलं जातं, त्यात नाव-पत्त्याखाली वाचणाऱ्याला थबकायला लावणारे दोन रकाने असतात. एक वार्षिक उत्पन्नाचा. दुसरा वारसाचा: चाचणीमुळे मृत्यू ओढवला तर भरपाई कोणाला द्यायची? चाचणी स्वमग्न मुलांसाठीच्या औषधाची असेल तर हा कागद आईबापांपुढे येतो. उद्या तो सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावात आला, तर मजुरीवर चालणारं घर उत्पन्नाच्या रकान्यात काय भरणार? आणि घरात भिली बोलणाऱ्या आईला तो मराठी मजकूर कोण, किती वेळ बसून समजावून सांगणार? मला हे प्रश्न जवळचे वाटतात, म्हणून या कागदाचे पूर्वज शोधावेसे वाटले.

आपल्याकडचा एक पूर्वज मुंबईत सापडतो, पण तिथे कागदच नाही. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. टोचून घ्यायला पुढे आलेले कैदी आणि न आलेले कैदी यांची तुलना झाली आणि लस उपयोगी ठरली. कैदी स्वखुशीने पुढे आले, अशी नोंद आहे. पण आत प्लेग आणि बाहेर कुलूप, अशा जागी ‘हो’ म्हणणाऱ्याची खुशी किती धरायची?

या प्रश्नाला जगाने लेखी उत्तर दिलं ते १९४७ साली, न्यूरेंबर्गमध्ये, नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवीच, हे तिथलं पहिलं कलम. मात्र जो स्वतः संमती देऊच शकत नाही, त्या लहान मुलाचं काय? १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने पालकाच्या संमतीची वाट मोकळी केली. ती वाट किती निसरडी आहे, हे न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक संस्थेत आधीपासूनच दिसत होतं. १९५६पासून तिथल्या मतिमंद मुलांना संशोधनासाठी मुद्दाम काविळीची लागण केली जात होती. आईबापांच्या सह्या होत्या. पण पुढे संस्था भरली, आणि संशोधनाच्या विभागातून मात्र प्रवेश मिळत राहिला. घरी सांभाळणं अशक्य झालेल्या मुलाच्या आईने अशा वेळी सही केली, तर ती संमती की नाइलाज? साठच्या दशकात त्याच शहरातल्या क्रीडमोर रुग्णालयात स्वमग्न मुलांना उपचार म्हणून एलएसडी दिलं गेलं. लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन १९४३मध्ये केलं होतं. त्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती.

आपल्या कागदाचा सगळ्यात जवळचा पूर्वज मात्र काठीच्या शेजारचा आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आणि गुजरातेत वडोदऱ्याला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस हजारो मुलींना देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. पुढे चौकशीत आंध्रातले ९,५४३ अर्ज तपासले. त्यांतल्या १,९४८ अर्जांवर अंगठे होते आणि २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या. मुलगी एकाची, सही दुसऱ्याची! सातपुड्यातलीही कितीतरी मुलं आश्रमशाळांत राहून शिकतात. त्यामुळे हे आकडे मला परक्या मुलखातले वाटत नाहीत. सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या, संसदीय समितीने ताशेरे ओढले आणि २०१३मध्ये नियम बदलले. उत्पन्नाचा आणि वारसाचा रकाना तेव्हाचा. संमती घेतानाचं चित्रीकरणही तेव्हाच आलं. वाचता न येणाऱ्यासाठी त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि कागदाची एक प्रत घरी द्यावी लागते.

एवढं सगळं पाहून कोणी म्हणेल, चाचणीच्या वाटेला जाऊच नये. मला हे मान्य नाही. चाचणी नसते तिथे भूलथापा शिरतात. १९९८मध्ये सिक्रेटिन या संप्रेरकाने स्वमग्नता सुधारते अशी हवा झाली. वर्षभरात साठ मुलांवर चाचणी झाली. औषध आणि नुसतं मिठाचं पाणी यांत फरक दिसला नाही. तरी त्यांतल्या ६९ टक्के पालकांना ते औषध हवंच होतं. हतबल आईबापांना दोष कसा द्यायचा? आपल्याकडे मूलपेशींचे उपचार याच हतबलतेवर विकले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा उपचार मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसेही घेता येत नाहीत. पालकांनी पक्कं लक्षात ठेवावं असं यात काही असेल तर ते हे शेवटचं वाक्य.

चांगली चाचणी कशी असते, हे गोव्यात दिसलं. ‘संगात’ संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी २ ते ९ वर्षांची ६५ मुलं घेतली. औषध नव्हतंच. आई मुलाशी खेळते, त्याचं चित्रीकरण होतं आणि मग प्रशिक्षित कार्यकर्ती आईशेजारी बसून ते पाहते. मुलाने क्षणभर मान वळवली, बोट पुढे केलं, तो क्षण ती थांबवून दाखवते: इथे तो तुम्हाला काहीतरी सांगत होता. आई पुढच्या खेपेला तिथे थांबायला शिकते. २०१६मध्ये निष्कर्ष आले. आया मुलांच्या इशाऱ्यांना जास्त नेमका प्रतिसाद देऊ लागल्या, मुलंही आपणहून जास्त संवाद साधू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ कमी झाला. मनासारखा नसलेला हा आकडाही संशोधकांनी छापला, म्हणून उरलेल्यांवर माझा विश्वास बसतो.

कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या, हे काठीच्या दृष्टीने मोलाचं. गावातल्या बाईला नीट शिकवलं तर ती नवजात बाळ वाचवू शकते, हे गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने १९९९मध्येच सिद्ध केलं होतं. पण गोव्याचा आराखडा जसाच्या तसा सातपुड्यात चालणार नाही. तिथे महिनोन्‌महिने बारा बैठका होत्या. इथे कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. बैठका घरांच्या या जाण्यायेण्याला धरून ठरवाव्या लागतील, किंवा कार्यकर्तीला ऊसतोडीच्या पडावापर्यंत जावं लागेल. नाहीतर मध्येच गळालेली मुलं म्हणून त्यांची नोंद होईल, आणि आईबापांनी टाळाटाळ केली असं कोणीतरी लिहून ठेवेल.

संमतीचा कागद भिलीत ध्वनिमुद्रित करावा, तो घरात सगळ्यांदेखत ऐकवावा, आणि सही किंवा अंगठा त्याच दिवशी घेऊ नये. सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही लागतो. न बोलणाऱ्या मुलाने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली, हात झटकला, रडून आकांत केला, तर तो नकार आहे, आणि त्या दिवसाची बैठक तिथेच थांबते, हेही त्या ध्वनिमुद्रणात स्वच्छ शब्दांत आलं पाहिजे.