तबकडीचा वनविहार

झाडीतून तबकडी भिरकावीत डोंगर चढायचा, हा खेळ कुणाला पोरकट वाटेल. पण त्याची घडी बसविणारे एड हेड्रिक पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते! १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनी पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा नेम धरायला नुसते खांब असत. तबकडी लागली की नाही, यावरून तंटे होत. मग हेड्रिकांनी खांबाला साखळ्या आणि टोपली जोडली. १९७७ साली तिचे पेटंट मिळाले. साखळी खणखणली की वाद मिटला. त्याच प्रांतातल्या सांताक्रूझच्या चढउतारांवर, दाट झाडीत, १९८४ मध्ये ही खणखण घुमू लागली. २००२ साली हेड्रिक वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा नव्या तबकड्यांत मिसळण्यात आली. आपण रक्षा नदीच्या स्वाधीन करतो. त्यांनी ती खेळाच्या स्वाधीन केली.