खालचा जबडा एक की दोन?
श्रोतेहो, हनुवटीवरून बोट फिरवा पाहू. सांधा लागतो का? नाही ना! तरी गेलेन या ग्रीक वैद्याने खालचा जबडा दोन हाडांचा म्हणून लिहिले आणि युरोपाने ते तेराशे वर्षे मानले. गेलेनने चिरली होती ती माकडे नि जनावरे. पादुआचा अध्यापक वेसालियस याने माणसांची हाडे तपासली आणि १५४३ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, ग्रंथात छापले: हाड एकच! त्याचे गुरू सिल्व्हियस यांनी त्याला वेडा ठरवले. तान्ह्या मुलात या हाडाचे दोन भाग असतात खरे. पण वर्षभरात ते सांधतात. गुरुजी, मुलाने पुस्तकाविरुद्ध काही दाखवले, तर रागावण्याआधी वस्तू पाहावी.