एका शब्दाचा माणूस

बोलण्याचे सारे श्रेय आपण जिभेला देतो. जीभ सैल सुटली म्हणतो, जिभेला हाड नाही म्हणून तिला दोषही देतो. पण जीभ बिचारी हुकमाची ताबेदार. हुकूम सुटतो तो वरून, मस्तकातून. तो तिथल्या नेमक्या कोणत्या दालनातून सुटतो याचा पत्ता जगाला लागला तो अशा एका माणसामुळे, की ज्याला एकच शब्द बोलता येत होता.

अक्रोड फोडला म्हणजे आतला गर जसा वळ्यावळ्यांचा दिसतो, तसाच काहीसा आपला मेंदू दिसतो. या वळ्यांनी कामे वाटून घेतलेली असतात, असे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गाल नावाच्या डॉक्टराने सांगितले. शाळेत असताना त्याने पाहिले होते, की ज्या मुलांचे पाठांतर चांगले त्यांचे डोळे बटबटीत. झाले! भाषेची जागा डोळ्यांच्या मागे, असे त्याने ठरवून टाकले. पुढे त्याच्या अनुयायांनी कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगण्याचा धंदाच मांडला. आपल्याकडच्या हस्तसामुद्रिकाचाच हा भाऊ म्हणावा! त्यामुळे कामांच्या वाटणीची मूळ कल्पनाही पुष्कळ विद्वानांच्या मनातून उतरली.

१८६१ च्या एप्रिलात पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळात हाच वाद पुन्हा पेटला होता. वाणीचे ठाणे मेंदूच्या पुढच्या भागातच असते, असे ओबुर्तें नावाचा डॉक्टर हिरिरीने सांगत होता. ऐकणाऱ्यांत पॉल ब्रोका हा छत्तीस वर्षांचा शस्त्रवैद्य होता. मंडळाचा संस्थापक तोच. आठवडाभरात, ११ एप्रिलला, त्याच्या बिसेत्रच्या इस्पितळातील शस्त्रक्रियेच्या विभागात एका रोग्याला आणले गेले. उजवा पाय सडून सुजलेला. नाव विचारले, तर उत्तर आले : “ताँ, ताँ.”

दुसरा प्रश्न विचारला, तेच उत्तर. इस्पितळात सारे त्याला ‘ताँ’ म्हणूनच हाक मारीत. लहानपणापासून त्याला फेफरे येई, तरी तो चपलाबुटांचे लाकडी साचे करून पोट भरीत होता. तिसाव्या वर्षाच्या सुमारास वाचा गेली आणि तो बिसेत्रला आला. दहा वर्षांनी उजवा हात लुळा पडला, मग पाय. सात वर्षे तो खाटेवरून उठला नव्हता. त्याच्या अंथरुणावरची चादर आठवड्यातून एकदाच बदलीत, म्हणून पायाचे दुखणे कळले तेही उशिराच. शेजारच्या रोग्यांत तो तापट, आपमतलबी, एवढेच नव्हे तर चोर म्हणूनही बदनाम होता. ज्याला आपली बाजू मांडता येत नाही, त्याच्यावर आळ घेणे किती सोपे!

पण तो वेडा होता काय? ब्रोकाने त्याला विचारले, इथे येऊन किती वर्षे झाली? त्याने डावा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखविले. एकवीस! हिशेब बरोबर होता. दुसऱ्या दिवशी ब्रोकाने तोच प्रश्न केला, उत्तर तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारताच आपली परीक्षा चालली आहे हे त्याने ओळखले, आणि संतापाच्या भरात त्याच्या तोंडून चक्क एक शिवी बाहेर पडली. रागावला म्हणजे तेवढी एक त्याला येत असे. मला विचाराल तर ब्रोकाच्या साऱ्या टाचणांत ही शिवीच सर्वांत मोलाची. ज्याला साधे ‘हो’ म्हणता येत नव्हते, त्याला अपमान मात्र पुरता कळत होता.

१७ एप्रिलला तो वारला. ब्रोकाने मेंदू काढला, आणि दुसऱ्याच दिवशी मंडळापुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागातील खालच्या वळीपाशी कोंबडीचे अंडे मावेल एवढा खळगा पडलेला होता. त्याच वर्षी लेलाँ नावाचा म्हातारा रोगी मिळाला. त्याच्यापाशी पाचच शब्द उरले होते, आणि त्याचीही जखम तिथेच निघाली. आणखी रोगी पाहिल्यावर १८६५ साली ब्रोकाने सांगून टाकले, की आपण बोलतो ते मेंदूच्या डाव्या अर्ध्याने.

मग दालनांमागून दालने उघडू लागली. १८७० साली फ्रिट्श आणि हित्सिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून उलट बाजूचे पाय हलवून दाखविले. १८७४ साली अवघ्या सव्वीस वर्षांच्या व्हेर्निकेने डाव्या कानाच्या वर, जरा मागे, शब्दांचा अर्थ लावणारी जागा दाखविली. ती बिघडली, की माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो. दृष्टीचे ठाणे तर डोळ्यांपासून सर्वांत दूर, डोक्याच्या पार मागे निघाले! १९०९ साली ब्रोडमानने या साऱ्या मुलखाला ५२ पर्यंत क्रमांक दिले.

‘ताँ’चा मेंदू ब्रोकाने चिरला नव्हता, तसाच अखंड जपून ठेवला. त्यामुळे २००७ साली त्याची चुंबकीय यंत्राने तपासणी करता आली. जखम ब्रोकाला वरून दिसली त्याहून पुष्कळ खोल गेली होती. दालनांना जोडणाऱ्या आतल्या वाटाही तुटल्या होत्या. म्हणजे वाचा गेली ती एका वळीच्याच दोषाने नव्हे.

इतके होऊनही हा माणूस कोण, हे कोणी विचारले नव्हते. ब्रोकाच्या लेखात ‘लबोर्न’ एवढे आडनाव आहे. पाठ्यपुस्तकांत बहुधा तेही नाही. २०१३ साली डोमान्स्की या पोलिश संशोधकाने जुनी दप्तरे धुंडाळून पुरे नाव काढले : लुई व्हिक्तोर लबोर्न, एका शिक्षकाचा मुलगा, जन्म १८०९, गाव मोरे. त्या गावात ओकच्या झाडाची साल दळण्याच्या गिरण्या होत्या. त्या सालीच्या पुडीने कातडी कमावीत. फ्रेंच भाषेत त्या पुडीला शब्द आहे ‘ताँ’. तोच शब्द त्याच्या तोंडी उरला असेल काय, असे डोमान्स्कीने विचारले आहे.