गंगथडीची शाळा

मनुष्य आणि त्याचा परिसर यांचा परस्परसंबंध शोधणाऱ्या शास्त्रास अलीकडे पर्यावरणीय मानवशास्त्र असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी त्यातील प्रश्न जुनेच होत. पाऊस चुकला म्हणजे गाव काय करते, नदी चढली म्हणजे कोण अडकतो, धरण झाले म्हणजे पाणी कोणाकडे जाते व घर कोणाचे बुडते, हे ते प्रश्न. त्यांची उत्तरे केवळ ग्रंथालयात बसून मिळत नाहीत. उन्हातान्हात हिंडून आणि लोकांच्या कामास हातभार लावून ती मिळवावी लागतात. हा अभ्यास महाराष्ट्रात कसा रुजला, आणि बीड जिल्ह्यातील गेवराईसारख्या तालुक्यात तो कोणत्या रीतीने व्हावा, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगास गोदावरी वाहते. तिला येथील लोक गंगा म्हणतात, व तिच्या काठच्या मुलखास गंगथडी. याच काठावरील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे व निजाम यांची लढाई झाली, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु त्या दिवशी नदीने काय केले, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. निजामअली काही सैन्यासह पलीकडे उतरला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी दक्षिण तीरावर राहिला होता. पावसाळ्याचे दिवस, गंगेस पूर आलेला. मराठ्यांनी दिवाणास गाठले, तो रणात पडला, आणि पैलतीरावरील धन्यास त्याच्या मदतीस येता आले नाही. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांचा व रघुनाथरावांचा पराक्रम आम्हांस कमी लेखावयाचा नाही. तथापि नदीचे वेळापत्रक ज्याने जाणले नाही त्याचा घात झाला, हा धडाही त्या रणभूमीवर लिहिलेला आहे.

हे वेळापत्रक शिकण्याचे शिस्तबद्ध शास्त्र आपल्याकडे पुढे फार उशिरा आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून इरावतीबाई कर्वे यांनी मानवशास्त्राचे अध्यापन केले, ते खेडोपाडी पायपीट करून. कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची त्यांनी जाई निंबकर यांच्यासह पाहणी केली व तिचा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. धरणाची उंची आणि विजेचे आकडे मोजणारे पुष्कळ होते. उठलेल्या कुटुंबांस नव्या जागी काय भोगावे लागले, हे विचारणारे थोडे. पुढे माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवराया धुंडाळल्या. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी येथील लोकांनी आपली राई तोडीपासून वाचविण्यासाठी त्यांची मदत मागितली; कारण राई गेली तर ओढ्याचे पाणी जाईल, अशी त्यांची खात्री होती. पाहणीसाठी आलेल्या विद्वानांस अशा रीतीने गावाच्या कामास लागावे लागले, आणि त्यातूनच राईचा खरा अर्थ त्यांस कळला.

श्रमातून विद्या हा विचार महात्माजींनी १९३७ च्या वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडला होता. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीन वर्षांतच तिची कसोटी पाहणारा १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत व माती उचलीत होती. योजनेच्या शिबिरांचा त्या वर्षीचा विषयही दुष्काळाशी युवकांनी झुंजावे हाच होता. मराठवाड्यातील ज्या घरांत तेव्हाची सुकडी आणि मिलो यांची आठवण अद्याप निघते, तेथे हा इतिहास पुस्तकी नाही.

आता गेवराईकडे वळू. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले. त्याचा उजवा कालवा या तालुक्यातून माजलगावकडे जातो. कालव्यालगत ऊस आला; गढी येथे साखर कारखानाही उभा राहिला. तरीही दिवाळीच्या सुमारास याच तालुक्यातील टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन, बिऱ्हाड पाठीशी बांधून, पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे ऊसतोडीस निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांचे नाव एका हत्यारात बुडून जावे, यापरते बोलके दुसरे काय असेल? कालवा दारावरून वाहत असता माणूस पाण्यापाठी दूर का जातो, हा येथील खरा अभ्यासविषय होय. जमीन कोणाची, पाळी कोणाच्या शेतास, उचलीचे कर्ज किती, हे धागे उकलल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

येथेच आमचे मुख्य म्हणणे आहे. सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर बहुधा हिवाळ्यात भरते, कारण महाविद्यालयास ते सोयीचे असते. परंतु ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे विद्यार्थी गावात येतो तेव्हा गावाचा मोठा भाग फडावर असतो. मागे म्हातारी माणसे व त्यांच्यापाशी ठेवलेली मुले राहतात. तो रस्ता झाडील, झाडे लावील, घरोघर प्रश्नपत्रिका घेऊन जाईल, आणि कुलूप दिसेल तेथे 'घर बंद' असे लिहून पुढे जाईल. ज्याच्याविषयी जाणावयाचे तोच त्याच्या वहीत येणार नाही. शिवाय हिवाळ्यात लावलेल्या रोपास उन्हाळ्यात पाणी घालावयास कोण आहे, हेही त्याने विचारलेले नसते.

उन्हाळ्यात परीक्षा असतात व ऊन सोसत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच खोटा नाही. तथापि शिबिराखेरीज वर्षाकाठी १२० तास सेवेचे ठरलेले आहेत. ते एकाच गावास, वर्षभर वाटून द्यावेत. टोळ्या निघताना एकदा, त्या परतल्यावर एकदा आणि गंगेस पाणी चढते तेव्हा एकदा, असे तीन वेळा विद्यार्थ्याने तेथे जावे. मधल्या काळात मागे राहिलेल्या मुलांचा अभ्यास घ्यावा. टोळी परत आली म्हणजे त्याच मुलांच्या आईबापांपाशी बसून वहीतील 'घर बंद' ही ओळ खोडावी, व तेथे त्यांचे म्हणणे लिहावे.